टाचेला बांधलेली तार

सुपडू घरातून निघाला हे गावाला वेगळं सांगावं लागत नसे. उजवी टाच उचलली की पाठीवरचा ढोल धम्म वाजायचा, डावी उचलली की ढोलावर बसवलेली झांज छन् करायची, आणि घोट्यांवरची घुंगरं मध्ये मध्ये आपलंही म्हणणं मांडून घ्यायची. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला बेंजो, त्यावर दोन्ही हात. मानेभोवती सायकलच्या चाकातले आरे वाकवून केलेली चौकट, आणि तिच्यात बरोबर ओठांसमोर येईल असा माउथ ऑर्गन, म्हणजे तोंडाचा बाजा. अमळनेरच्या बाजारात लोक त्याला 'बठ्ठाबाजा' म्हणायचे. बठ्ठा म्हणजे सगळा. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं.

असा साज चढवलेल्या माणसाला गुपचूप कुठे जाता येत नाही. एकदा धुळ्याची सुपारी वाजवून, साज उतरवायचा कंटाळा करून, तो तसाच परस्पर सासुरवाडीला गेला. अचानक जाऊन सगळ्यांना चकित करावं असा बेत होता. वेशीतून आत शिरून दारात पोचेपर्यंत सासूने चहा करून कपात ओतलासुद्धा होता.

सुपडूचं गाव बोरी नदीच्या काठी, अमळनेरपासून एस.टी.ने अर्ध्या तासावर. घरचं शेत बेताचं, म्हणून गावच्या एस.टी. स्टँडवर त्याने सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. सगळा साज त्या दुकानातूनच जन्मला. ढोलावर पडणारं टिपरू म्हणजे मोडक्या पायडलची दांडी. ते मागे ओढणारी स्प्रिंग सायकलच्या स्टँडची. आणि टाचेपासून टिपरूपर्यंत पाठीमागून चढत गेलेली तार ब्रेकची. बघणारे हटकून एकच विचारायचे, एवढं सगळं एका वेळी कसं जमतं? सुपडू म्हणायचा, "चालता येस ना? मंग तुलेबी जमी!" लोक हसायचे. खरं उत्तर त्याने कधी कुणाला दिलं नाही. खरं उत्तर असं होतं, की माणसं जात गेली तसा तो साज वाढत गेला होता.

मुळात ते तिघे होते. थोरला भाऊ जीवराम ढोल वाजवायचा, चुलतभाऊ अभिमन झांज, आणि सुपडू बेंजो. वडील लवकर गेले. जीवराम सुपडूपेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण वागायचा वीस वर्षांनी मोठा असल्यासारखा. सुपडूला ताल शिकवला तो त्यानेच, आणि तोही पाठीवर थापा मारून. पुढे लग्नांतून वाजवायला लागले तेव्हाही तीच रीत राहिली: बेंजो पुढे, ढोल मागे. मागून जीवरामचा ढोल आला की सुपडूचे पाय आपसूक पडायचे. मागे वळून बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

एक्याऐंशी साली अभिमन सुरतला मागाच्या कारखान्यात लागला. झांज वाजवायला दुसरा माणूस मिळेना, तेव्हा सुपडूने ती ढोपराला बांधून बघितली. जीवरामनेच ढोपराचं माप घेतलं, आणि पहिल्यांदा झांज वाजली तेव्हा हसून हसून त्याला ठसका लागला. तिथवर सगळं गमतीत चाललं होतं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात रावेरला एका केळीवाल्या शेतकऱ्याकडचं लग्न होतं. सुपडू सामान घेऊन आदल्या दिवशीच गेला. जीवराम सकाळच्या गाडीने येणार होता. सामानात सुपडूने एक नवी करामत नेली होती: एक टाकून दिलेला लहान ढोल, मागे पाठीवर बांधायचा, टाचेच्या तारेने वाजवायचा. महिनाभर दुकानात लपूनछपून खटपट करून त्याने तो बनवला होता. भावाला दाखवायचा, त्याला ठसका लागेपर्यंत हसवायचं, बस एवढाच मनसुबा.

सकाळची गाडी आली नाही. वाटेत बंद पडली होती म्हणे. नवरदेव मारुतीच्या पारावर न्यायचा होता, मुहूर्ताला तास उरला होता आणि मुलीकडची मंडळी घड्याळं बघत होती. सुपडूने रस्त्याकडे दहा वेळा पाहिलं आणि शेवटी तो ढोल पाठीवर चढवला.

मग काय विचारता! तसला प्रकार रावेरने कधी पाहिलाच नव्हता. केळीचे घड ट्रकात भरणारे हमाल हातातलं काम टाकून धावत आले. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणी सुपडूच्या गळ्यात हार घातला, कुणी त्याला वेशीपर्यंत दोनदा फिरवून आणलं. त्या गर्दीच्या मागे, लिंबूसरबताच्या गाडीजवळ, गळ्यात ढोल अडकवून जीवराम उभा होता. तो दुसऱ्या गाडीने येऊन पोचला होता. मिरवणूक संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

परतीच्या एस.टी.त जीवराम ढोल मांडीवर घेऊन बसला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू एकलाच बठ्ठं वाजाडस. मंग मन्हं काय काम शे?"

सुपडूच्या गळ्यात अजून हार होता. तो खुशीत होता. म्हणाला, "तू आते पाटवर बठ आनि पान खा!"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ढोलाच्या पट्ट्याने भावाच्या मानेवर पडलेला काळा वळ तो लहानपणापासून बघत होता. पंधराव्या वर्षापासून ओझं वाहिलेल्या माणसाने आता आराम करावा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. जीवरामही हसला. तो हसला म्हणून सुपडू निर्धास्त झाला, आणि इथेच या शहाण्याचं गणित चुकलं. सायकलच्या चाकात केसाएवढा बाक असला तरी याला दुरून दिसायचा, पण शेजारी बसलेल्या भावाचं तोंड त्याला वाचता आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात जीवरामने ढोल घरातल्या खुंटीला टांगला आणि बायको-पोरीला घेऊन सुरतेला अभिमनकडे निघून गेला. आईच्या पाया पडून गेला. सुपडू तेव्हा दुकानात कुणाचं तरी पंक्चर काढत होता.

पुढची आठ वर्षं सुपडूचा बोलबाला झाला. झांज ढोपरावरून ढोलावर गेली, माउथ ऑर्गन आला, घुंगरं आली. पार रावेरच्या पलीकडून त्याला बोलावणी यायची. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांनी त्याला एकाच दिवशी बोलावलं, तेव्हा त्याने एकच चाल सकाळी वरच्या आळीत आणि दुपारी खालच्या आळीत वाजवली. दोन्हीकडच्यांना ती आपलीच वाटली. लोक म्हणत, सुपडूला कुणाची गरज नाही. हे ऐकलं की त्याला बरं वाटायचं नाही. पण असं का, ते धड त्यालाही सांगता आलं नसतं.

वर्षातून एकदा मात्र ते त्याला स्पष्ट कळायचं. श्रावणात कानबाई बसायची तेव्हा.

कानबाईची रीत खानदेशात घरोघरी माहीत. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढायचं. तान्हं बाळ असलं तरी त्याची मूठ निघते, परगावी असला तरी त्याचीही निघते. आणि ते रोट खायचे फक्त घरच्यांनी, पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत. सुपडूची आई यशोदाबाई दरवर्षी जीवरामच्या नावाची मूठ काढायची. जीवराम यायचा नाही. मग त्याच्या वाट्याचे रोट सुपडूच्याच घराला संपवावे लागायचे. ढोल, झांज, बाजा, बेंजो, सगळ्यांचं एकट्याने वाजवणाऱ्या सुपडूला भावाच्या वाट्याचं खाता खाता घास फिरायचा. त्या आठवड्यात तो कुणाशी नीट बोलायचा नाही आणि बायकोवर, झुंबरबाईवर, उगाच डाफरायचा.

दरवर्षी तो सुरतेला कार्ड टाकायचा: कानबाईला ये, रोट खायला ये. उत्तर यायचं ते आईच्या नावाने, मागावर सुटी नाही म्हणून.

एक्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईने विषय काढला. तिला आता दिसत कमी होतं, हात कापायचे. ती म्हणाली, "औंदा मूठ मी काढसू. पुढला वरीसले झुंबर काढी. तिले मी रिकामी मूठ कशी सोपू? आठ वरीस व्हई गयात. औंदा कानबाई उठापावत तो नही वना, ते त्याना नावनी मूठ बंद."

आई हे रागाने म्हणाली नव्हती, म्हणूनच सुपडूला धडकी भरली. कानबाई नदीवर जाईपर्यंत जीवराम आला नाही तर मूठ बंद, आणि मूठ बंद म्हणजे घरातून नाव गेलं. जिवंत माणसाचं नाव.

त्याने लगेच कार्ड घेतलं आणि लिहायला बसला. पहिली ओळ दरवर्षीचीच. झुंबरबाई शेवया सुकत घालत होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण नवरा पुटपुटत काय लिहितो ते आठ वर्षांत पाठ झालं होतं. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्हीन त्यासले जेवाले बलावतस. वाजाडाले कवयच बलावं नही."

सुपडूला एस.टी.तलं आपलं वाक्य आठवलं. पाटावर बस. पान खा. आठ वर्षं आपण पाटावर बसायलाच तर बोलावत होतो की भावाला! त्याला स्वतःची अशी लाज वाटली की तो उठून दुकानात गेला आणि कुलूप न काढताच बाहेरच्या फळीवर बसून राहिला.

अभिमन आखाजीला गावी आला होता. तो परत सुरतेला निघाला तेव्हा सुपडूने त्याच्या हातात एक पुडी दिली. कार्ड नाही, निरोप नाही. पुडीत उजव्या टाचेची तार होती.

"काय सांगू?" अभिमनने विचारलं.

"काही सांगू नको. नुसती दे."

तार गेली आणि ढोल मुका झाला. जेठातली लग्नं अजून शिल्लक होती. सुपडू पाठीवर ढोल न घेताच जाऊ लागला. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे. एका यजमानाने तोंडावर सांगितलं की आम्ही बठ्ठाबाजा सांगितला होता, हा तर पाऊणबाजा आला. गावातल्या टवाळांना तेवढंच पुरलं, ते त्याला त्याच नावाने हाका मारू लागले. दुकानात ब्रेकच्या तारांचं भेंडोळं खिळ्याला लटकत होतं. दुसरी तार बांधायला पाच मिनिटं लागली नसती. पण सुपडू त्या भेंडोळ्यातली तार फक्त गिऱ्हाइकांच्या सायकलींना लावत राहिला.

सुरतेहून काही आलं नाही. नागपंचमी झाली. शनिवारी आईने धान्य काढलं. सुपडूची मूठ, पोरांच्या मुठी, आणि शेवटी जीवरामची. ती मूठ सुपात टाकताना तिचा हात जरा जास्त वेळ वर राहिला. त्याच संध्याकाळी सुपडूने खुंटीवरचा जीवरामचा ढोल काढला, स्टँडवर नेला आणि दुकानाच्या दारात, नवे टायर लावायच्या खिळ्याला टांगला.

रविवारी कानबाई बसली. दिवसभरात चार गाड्या आल्या. सुपडू चारही गाड्यांपाशी जाऊन उभा राहिला; जीवराम कुठल्याच गाडीतून उतरला नाही.

सोमवारी सकाळी देवी उठवायची वेळ झाली. झुंबरबाईने कानबाईचा पाट डोक्यावर घेतला. आळीतल्या बायका फुगडीसाठी पदर खोचून तयार होत्या. सुपडूने बेंजो गळ्यात घातला, चौकट मानेवर चढवली, डाव्या टाचेला झांजेची तार बांधली. ती झांज आता कमरेपाशी पट्ट्यावर होती. वाजायला लागला, पण पोकळ वाटत होतं. फुगडीला जोर चढेना. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे सुपडू, ढोल बांध ना! कानबाईना दिनले तरी बांध!"

"ढोलवाला येनार शे," सुपडू म्हणाला.

"कवय? पुढला वरीसले?"

हशा पिकला. सुपडूने बाजा तोंडात धरला आणि पुढे पाऊल टाकलं. नदीवर कानबाई पोचली की संपलं. म्हणून तो हळू चालत होता. घरापासून स्टँड हाकेच्या अंतरावर, पण मिरवणुकीला तिथे पोचायला पाऊण तास लागला. काठी टेकत चालणारी आईसुद्धा त्याच्या पुढे निघून गेली.

मिरवणूक स्टँडसमोर आली आणि अमळनेरची गाडी चिखल उडवत वळली. उतरणाऱ्यांत दोन मास्तर होते, एक डाळीची गोणी होती, आणि शेवटी एक पिशवी घेऊन वाकलेला, कानशिलं पांढरी झालेला माणूस होता.

जीवराम पुढे आला नाही. चहाच्या गाडीजवळ उभा राहिला, रावेरला उभा होता तसाच. सुपडूला वाटलं, धावत जावं, पाय धरावेत. पण गळ्यात बेंजो, मानेवर चौकट, टाचेला तार. एवढं सगळं अंगावर बांधून घेतलेल्या माणसाला वाकतासुद्धा येत नाही. तो जागच्या जागी उभा राहिला आणि त्याने वाजवणं थांबवलं.

तेव्हा जीवरामची नजर दुकानाकडे गेली. खिळ्याला टांगलेला ढोल त्याने ओळखला. तो गेला, पिशवी खाली ठेवली आणि दोन बोटांनी ढोलाच्या चामडी पानावर टिचकी मारली. श्रावणातली ओल, आठ वर्षं न वाजलेला ढोल. तो भद्द बोलायला हवा होता. तो खणखणीत बोलला. जीवरामने दोऱ्या चाचपल्या. नव्या होत्या, आणि एकेक ताणून ढोल चढवलेला होता.

"कोन चढाडं हाऊ?" त्याने विचारलं.

सुपडूच्या तोंडासमोर बाजा होता. उत्तर डोक्यावर कानबाई घेतलेल्या झुंबरबाईने दिलं. "दर वरीसले चढाडतस आनि परत खुंटीले टांगतस," ती म्हणाली. "वाजाडतस मात्र नही."

जीवरामने ढोल गळ्यात घातला. पट्टा मानेवरच्या जुन्या वळावर जाऊन बसला. मग त्याने खिशातून वेटोळं केलेली ब्रेकची तार काढली आणि सुपडूच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली.

"ठेव. सायकलले लागी," तो म्हणाला. आणि मागे जाऊन उभा राहताना जरा हसून म्हणाला, "पान मंग खासू. पहिले वाजाडसू."

आईला धड दिसत नव्हतं. तिने काठी वर धरून विचारलं, "कोन वना रे? कोन शे?" कुणी उत्तर द्यायच्या आत ढोलावर पहिली थाप पडली आणि म्हातारी रस्त्यातच मटकन खाली बसून रडायला लागली. बायकांनी तिला उठवलं, आणि उठवता उठवता तिच्याभोवतीच फुगडी धरली.

मिरवणूक नदीकडे निघाली. सुपडू फुंकत होता, पण त्याला दम पुरत नव्हता. डोळ्यांतलं पाणी ओघळून बाजात जात होतं आणि सूर ओले निघत होते. सवयीने त्याची उजवी टाच प्रत्येक पावलाला झटका देत होती. तिला काहीच बांधलेलं नव्हतं. तरी झटक्यासरशी ढोल वाजत होता, नेहमीसारखा पाठीमागूनच. सुपडूने वळून बघितलं नाही. फक्त पाठीवर आज काही ओझं नाही, हे त्याला पावलापावलाला जाणवत होतं.